पोरांना व्यसनापासून लांब ठेवायचं तर वस्तीने नेमकं काय करायचं?

चौदा-पंधरा वर्षांची पोरं कुठेतरी कोपऱ्यात व्हेप ओढताना दिसली किंवा कोणाच्या दप्तरात गोळ्या सापडल्या की वस्तीत एकदम खळबळ माजते आणि आठवडाभरात शाळेत भाषण ठरतं. कोणीतरी पोलीस अधिकारी नाहीतर डॉक्टर येतात, काळ्या पडलेल्या फुफ्फुसांचे फोटो दाखवतात, पोरं तासभर गप्प बसतात, हात पुढे करून शपथ घेतात आणि सगळ्यांना वाटतं की चला, आपण काहीतरी केलं. मनापासून केलेलं असतं हे, बोलवणाऱ्यांनीही आणि येणाऱ्यांनीही. पण नुसत्या भाषणाने व्यसन कमी होत नाही. हे माझं मत म्हणून सांगत नाहीये, गेल्या ३०-४० वर्षांत हे चांगलं तपासून झालंय.

अमेरिकेत डेअर नावाचा प्रोग्राम १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाला. युनिफॉर्ममधले पोलीस वर्गात येऊन ड्रग्जचे धोके समजवायचे, नाही म्हणायला शिकवायचे. तो देशभर पसरला, पालकांना आवडला, शाळांना आवडला. मग १९९० च्या दशकात संशोधकांनी तो शिकलेली मुलं आणि न शिकलेली मुलं यांची तुलना केली तर पुढे ड्रग्ज घेण्याच्या बाबतीत दोघांत जवळजवळ काहीच फरक निघाला नाही. नंतर त्यांनी अभ्यासक्रम बदलला, तो भाग वेगळा. तसंच १९९८ ते २००४ या काळात तिथल्या सरकारने किशोरवयीन मुलांसाठी ड्रग्जविरोधी जाहिरातींची एक प्रचंड मोहीम चालवली, जवळपास १०० कोटी डॉलर घातले त्यात, आणि तपासणीत दिसलं की गांजा घेणं त्यामुळे कमी झालं नाही, उलट काही मुलांमध्ये जाहिराती जास्त पाहिल्यावर गांजाबद्दलची ओढ थोडी वाढल्याची चिन्हं होती.

उलटं का होत असेल? एक कारण असं मांडलं गेलं की सतत "ड्रग्ज घेऊ नका, घेऊ नका" ऐकलं की पोराच्या डोक्यात बसतं की म्हणजे सगळेच घेतायत वाटतं, मीच एकटा मागे राहिलोय. आणि हा "सगळेच घेतात" वाला समज फार जोरदार असतो. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर काम करून दाखवलं की मुलं आपल्या मित्रांच्या पिण्याबद्दल जो अंदाज करतात तो खऱ्यापेक्षा जास्त असतो. म्हणून मला वाटतं की "आपल्याकडची तरुण पिढी पूर्ण बरबाद झालीय" असं मुलांसमोर म्हणत राहणं खरंच नुकसान करतं. बहुतेक मुलं काहीच घेत नसतात, हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं आणि आकड्यांसकट सांगायला हवं.

आता मुळात आपल्याला साधायचंय काय ते बघू, कारण इथेच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. आपल्याला वाटतं ध्येय म्हणजे आयुष्यभर कोणी कशालाच हात लावू नये. ती इच्छा ठीक आहे, पण वस्तीच्या हातात असलेलं आणि मोजता येणारं ध्येय म्हणजे पहिल्यांदा हात लावायचं वय पुढे ढकलणं. जितकं पुढे तितकं चांगलं. मेंदूचा जो भाग थांब म्हणतो, परिणामांचा विचार करतो, तो कपाळामागचा भाग साधारण विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. मजा शोधणारा, बक्षिसाला भुलणारा भाग मात्र त्याच्या बराच आधी जोरात कामाला लागलेला असतो. अशा वयात निकोटीन, दारू किंवा गांजा नियमित आला तर मेंदू त्यांच्याशी जुळवून घेतच वाढतो आणि सवय लवकर आणि घट्ट लागते. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की १५ वर्षांच्या आधी प्यायला लागलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या आहारी गेले होते, आणि विशीत किंवा नंतर सुरुवात करणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. आता हा सगळा फरक फक्त वयामुळेच पडला असं म्हणता येत नाही, कारण जी मुलं लवकर सुरू करतात त्यांच्या घरात आधीच बरंच काही बिनसलेलं असू शकतं. पण पाच वर्षं पुढे ढकलता आली तर मिळवण्यासारखं खूप आहे एवढं नक्की.

बरं, पोरं सुरू का करतात? "वाईट संगत" हे उत्तर आपल्या तोंडावर तयार असतं. संगतीचा भाग मोठा असतोच, पण सगळी पोरं एकाच कारणाने सुरू करत नाहीत. पॅट्रिशिया कॉनरॉड या कॅनडातल्या संशोधक गेली अनेक वर्षं यावर काम करतायत आणि त्यांनी चार स्वभाव वेगळे केलेत: ज्याला सतत धडधड, भीती वाटते असं मूल, ज्याला पुढे काही चांगलं होईल असंच वाटत नाही असं मूल, विचार न करता पटकन काहीतरी करून बसणारं मूल, आणि सारखं काहीतरी थरारक हवं असणारं मूल. आता बघा, पहिलं मूल दोन घोट घेतं कारण चार लोकांत बोलायची भीती कमी होते आणि चौथं घेतं कारण त्याला कंटाळा सहन होत नाही, मग दोघांना एकच भाषण देऊन कसं चालेल? त्यांच्या पद्धतीत ड्रग्जवर फारसं बोलतच नाहीत, मुलाला त्याच्या स्वभावाशी कसं वागायचं ते शिकवतात, आणि त्याचे चांगले परिणाम चाचण्यांमध्ये दिसलेत. याशिवाय घरातली मारहाण, आईवडिलांपैकी कोणाचं व्यसन, शाळेत सतत मागे पडणं, लहानपणी झालेला अत्याचार, उपचार न झालेलं नैराश्य, ही सगळी ओझी मुलाला त्या दिशेने ढकलतात. आणि एखादा मोठा माणूस जो खरंच विचारपूस करतो, शाळेत आपलं कोणीतरी आहे असं वाटणं, हातात आवडीचं काम असणं, या गोष्टी मागे खेचून धरतात. यातलं काय कमी करायचं आणि काय वाढवायचं, प्रतिबंधाचं सगळं काम यातच येतं.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते आइसलँडचं उदाहरण, त्यामुळे इथे थोडं थांबतो.

१९९० च्या दशकात आइसलँडची किशोरवयीन मुलं युरोपात सर्वात जास्त पिणाऱ्यांमध्ये मोडायची. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी सांगितलं होतं की गेल्या महिन्यात आम्ही झिंगेपर्यंत प्यायलो. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला होता. रोज सिगरेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर, आणि गांजा एकदा तरी घेतलेले १७ वरून ७ टक्क्यांवर. एका पिढीपेक्षा कमी काळात!

त्यांनी काय केलं तर आधी मुलांनाच विचारलं. सगळ्या शाळांमध्ये नाव न लिहिता भरायचा फॉर्म दिला, त्यात फक्त "पितोस का" एवढंच नव्हतं, तर संध्याकाळी कुठे असतोस, आईबाबांसोबत किती वेळ जातो, त्यांना तुझे मित्र माहीत आहेत का, खेळतोस का, असले प्रश्न होते. आणि उत्तरांमधून चार गोष्टी ठळक दिसल्या: जी मुलं आठवड्यातून तीन-चार वेळा शिकवणारा कोणीतरी आहे अशा खेळाला किंवा उपक्रमाला जातात, आठवड्याच्या साध्या दिवसांत आईवडिलांसोबत असतात, शाळेत कोणीतरी आपली काळजी करतं असं ज्यांना वाटतं, आणि जी रात्री उशिरा बाहेर भटकत नाहीत, ती मुलं वाचतात. मग त्यांनी त्याच चार गोष्टींवर जोर लावला. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री ८ नंतर आणि १३ ते १६ वयाच्यांनी १० नंतर एकटं बाहेर राहायचं नाही (उन्हाळ्यात दोन तास जास्त), तंबाखू १८ च्या आधी नाही, दारू २० च्या आधी नाही, दोन्हींच्या जाहिराती बंद. शाळाशाळांत पालकांच्या संघटना झाल्या, पालक एकमेकांशी लेखी ठरवायला लागले की आमच्या घरी मोठ्यांशिवाय पार्टी होणार नाही, आणि काही ठिकाणी संध्याकाळी आळीपाळीने वस्तीत फेरी मारायला लागले. राजधानी रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे कुटुंबाला खेळ, संगीत, नृत्य यांच्या क्लासच्या फीसाठी दरवर्षी मदत मिळायला लागली, म्हणजे पैसे नाहीत म्हणून मूल घरी बसणार नाही.

यात एक बारकावा आहे जो बहुतेक जण सोडून देतात. "खेळायला पाठवा म्हणजे मुलं सुधारतात" इतकं ते सोपं नाही. तिथल्याच संशोधकांनी बघितलं की क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या हाताखाली, नियमांनी खेळणारी मुलं कमी पितात, पण नुसतं आपापलं जमून खेळणाऱ्यांमध्ये तो फायदा दिसत नाही. म्हणजे काम करतो तो फक्त चेंडू नाही, तिथे असलेला मोठा माणूसही करतो, ठरलेली वेळ करते, आणि तिथलं वातावरण करतं. प्रशिक्षकच सामन्यानंतर पोरांना घेऊन प्यायला बसत असेल तर त्या मैदानाचा काही उपयोग नाही, उलट धोका.

दुसरं म्हणजे आइसलँड छोटा आणि श्रीमंत देश आहे, आणि ही काही काटेकोर प्रयोग करून सिद्ध झालेली गोष्ट नाही, त्या काळात इतर बदलही होत होते. म्हणून ते जसंच्या तसं उचलून इथे-तिथे लावायचं नाही. घ्यायचं ते त्यांचं विचारायचं वळण: आधी आपल्या पोरांना विचारा, मग ठरवा. तिथे सर्व्हेचे निकाल काही आठवड्यांतच प्रत्येक शाळेच्या आणि वस्तीच्या हातात पडतात, त्यामुळे पालकांच्या मीटिंगमध्ये देशाबद्दल नाही, आपल्याच पोरांबद्दल बोलणं होतं. लोक हलतात ते त्यामुळे.

काटेकोर प्रयोग हवा असेल तर तो अमेरिकेतल्या कम्युनिटीज दॅट केअर या पद्धतीचा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हॉकिन्स आणि कॅटलानो यांनी ती तयार केली. ७ राज्यांतली २४ छोटी गावं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं करून १२ गावांत ही पद्धत राबवली आणि १२ गावं नेहमीसारखी चालू दिली, आणि चार हजारांहून जास्त मुलांचा पाचवीपासून पाठपुरावा केला. पद्धत अशी की गावातली वेगवेगळ्या कामातली माणसं एकत्र बसतात, शाळा, पोलीस, दवाखाना, पालक, धार्मिक संस्था, दुकानदार, तरुण मंडळी सगळे, मुलांचा सर्व्हे करतात, त्यातून आपल्या गावात कोणती दोन-चार कारणं सगळ्यात जास्त जोरात आहेत ते शोधतात आणि त्या कारणांवर आधीच तपासून चांगले ठरलेले प्रोग्रामच निवडतात, मनाला येईल ते नाही. आठवीपर्यंत त्या १२ गावांतल्या मुलांनी दारू किंवा सिगरेट सुरू करण्याचं प्रमाण दुसऱ्या गावांपेक्षा जवळपास एक तृतीयांशने कमी होतं. बारावीपर्यंत कशालाच हात न लावलेली मुलं तिथे जास्त होती, पण त्या वेळी चालू असलेल्या वापरात दोन्हीकडे फरक उरला नव्हता. मी हे मुद्दाम सांगतोय कारण कोणी जादूची कांडी म्हणून विकायला आलं तर विश्वास ठेवू नका. काम चालू ठेवलं तर परिणाम टिकतात, नाहीतर ओसरतात.

आणि सुरुवात किती लवकर करता येते याचं एक उदाहरण तर मला अजूनही थक्क करतं. बाल्टिमोर शहरात १९८० च्या दशकात पहिलीच्या वर्गांमध्ये एक साधा खेळ लावला गेला, वर्गाच्या टीम पाडायच्या आणि शिस्तीत बसलेल्या, नियम मोडले नाहीत अशा टीमला कौतुक आणि छोटं बक्षीस. ड्रग्जचा एक शब्द नाही त्यात. ती मुलं १९ ते २१ वर्षांची झाल्यावर बघितलं तर खेळ खेळलेल्या मुलग्यांमध्ये, त्यातही जे पहिलीत खूप आक्रमक आणि दंगेखोर होते त्यांच्यात, ड्रग्जचं व्यसन आणि गैरवापर कमी होता. सहा वर्षांच्या पोराला थांबायला, वाट बघायला, ग्रुपमध्ये सामावायला शिकवलं तर त्याचा फायदा त्याला विशीत होतो. पहिलीची शिक्षिका व्यसनमुक्तीचं एवढं मोठं काम करत असते आणि तिला कोणी तसं कधी सांगतही नाही.

घराकडे येऊ. बऱ्याच घरांत असं म्हणतात की बाहेर जाऊन प्यायल्यापेक्षा आमच्यासमोर थोडी घेतलेली बरी, म्हणजे ताब्यात राहील. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. ऑस्ट्रेलियात जवळपास १९०० मुलांचा सहा वर्षं मागोवा घेऊन २०१८ मध्ये निष्कर्ष आला की पालकांनी स्वतः दारू दिल्याने मुलं सुरक्षित राहतात याला काहीही आधार सापडला नाही, उलट पुढे जास्त पिण्याशी आणि त्रासाशी त्याचा संबंध दिसला. त्यामुळे घरातला नियम साधा आणि स्पष्ट असावा, आणि तो ओरडून न सांगता कारणासकट सांगावा. कुठे चाललास, कोणासोबत, किती वाजता येणार, एवढं रोज सहज विचारलं जात असेल आणि उत्तर ऐकून घेतलं जात असेल तर त्याचा खूप फरक पडतो. चौकशी आणि जासूसी यात फरक आहे हो, फोन तपासत बसलात तर मूल दुसरा फोन शोधेल. आणि घरातलं औषधांचं कपाट बघा एकदा. उरलेल्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या, खोकल्याची औषधं, अनेक मुलांना पहिली गोळी कोणा डीलरकडून नाही तर घरातूनच मिळते. तसंच पातळ करायचं थिनर, चिकटवायचं सोल्यूशन, स्प्रे, यांचा वास घेणं म्हणजे किरकोळ चाळा असं काहींना वाटतं, पण त्याने पहिल्याच वेळी हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो.

दुकानदारांशी बोलणं हा सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय आहे असं मला वाटतं. वय विचारल्याशिवाय विकायचं नाही हा कायदा असतो, पण तो पाळला जातो की नाही हे वस्तीने लक्ष ठेवलं तरच कळतं. किमतीचं पण तसंच, तंबाखूची किंमत १० टक्क्यांनी वाढली की वापर साधारण ४ ते ५ टक्क्यांनी कमी होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मुलांच्या खिशात पैसे कमी असल्याने त्यांच्यावर परिणाम जास्त होतो. किंमत वस्तीच्या हातात नाही, पण शाळेच्या गेटसमोर काय विकलं जातंय ते नक्कीच आहे.

आता एक चूक जी चांगली माणसं कळकळीने करतात. "बिघडलेल्या" दहा पोरांना एकत्र करून त्यांचा वेगळा ग्रुप काढायचा आणि त्यांना समुपदेशन द्यायचं. १९९९ मध्ये डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा ग्रुपमध्ये मुलं एकमेकांच्या बढाया ऐकून हसतात, ते हसणं म्हणजे शाबासकी ठरते आणि सिगरेट वगैरे कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकतं. म्हणून अशा मुलांना बाकीच्या मुलांमध्ये मिसळून ठेवा, एकेकट्याला वेगळा वेळ द्या, आणि शाळेतून काढून टाकणं तर अगदी शेवटचा मार्ग, कारण शाळा हाच त्याच्याकडे उरलेला शेवटचा दोर असतो.

ज्यांनी सुरू केलंय त्यांना प्रतिबंधातून वगळायचं नाही. कधीतरी घेणारं मूल आणि आहारी गेलेलं मूल यात मोठं अंतर आहे आणि त्या अंतरात शांतपणे बोलणारा माणूस लागतो, शक्यतो मानसिक आरोग्याची माहिती असलेला. रोज भरपूर दारू पिणाऱ्याला घरात कोंडून अचानक बंद करायला लावू नका, त्यात झटके येऊन जीव जाऊ शकतो, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी लागते.

आणि वस्तीने एक गोष्ट पोरांना आधीच, आजच, सगळ्यांसमोर सांगून ठेवावी: मित्र बेशुद्ध पडला तर आधी आम्हाला हाक मारा, कोण काय घेत होतं याची चौकशी त्या रात्री होणार नाही. अनेक पोरं मेली ती यासाठीच की सोबतचे घाबरून पळाले किंवा "झोपू दे, उतरेल" म्हणून सोडून गेले. हलवूनही जाग येत नाही, श्वास खूप हळू चाललाय किंवा घुरघुर येतेय, ओठ निळसर पडलेत, तर लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची, त्याला एका कुशीवर वळवून ठेवायचं म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, श्वास थांबला तर फोनवरचे लोक सांगतील तसं करायचं, उलटी काढायचा प्रयत्न करायचा नाही, एकटं सोडायचं नाही. अफूजन्य ड्रग्ज (म्हणजे हेरॉईन किंवा मॉर्फीनसारख्या जोरदार वेदनाशामक गोळ्या) असतील तर नालोक्सोन नावाचं औषध वेळेत मिळालं की श्वास परत येऊ शकतो. म्हणून काय घेतलं, किती आणि साधारण कधी घेतलं हे डॉक्टरांना खरं खरं सांगायचं, आणि पाकीट किंवा बाटली सापडली तर ती सोबत न्यायची.